क्रूझ कंट्रोल दिवसा चालतो, दिवे लावले की सुटतो. ब्रेक स्विच नवा टाकूनही तेच

कराडकर_४८
डिझेल, मॅन्युअल, २०१९ चं मॉडेल. दिवसा सातारा ते पेठ नाका क्रूझला (ठरवलेला स्पीड आपोआप धरणारी सोय) काही तक्रार नाही. संध्याकाळी दिवे लावले की सेट दाबूनही स्पीड धरत नाही, आणि आधीच धरलेला असेल तर दिवे लावल्याक्षणी सुटतो. मीटरमध्ये क्रूझची खूण येते. हॉर्न आणि स्टेअरिंगवरची ऑडिओची बटणं चालू आहेत, एअरबॅगचा दिवा नाही. गॅरेजवाल्यांनी ब्रेक पेडलचा स्विच बदलला, फरक शून्य. आता क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमागची गुंडाळलेल्या तारांची पट्टी) बदला म्हणतायत. बदलू का?

वायरमन_मिरज
नका बदलू. हॉर्न, ऑडिओ, एअरबॅग आणि क्रूझची बटणं या सगळ्यांच्या तारा त्याच क्लॉक स्प्रिंगमधून जातात. ती तुटली की सहसा एकट्या क्रूझवर भागत नाही, बहुतेक वेळा एअरबॅगचा दिवाही येतो. शिवाय क्लॉक स्प्रिंगला दिवस-रात्र कळत नाही, राव. मागच्या दिव्यांत बल्ब कुठले आहेत, कंपनीचे की बाजारातले एलईडी? आणि स्कॅनर लावला होता का?

कराडकर_४८
दोन्ही बाजूंना बाजारातले एलईडी. वरचा तिसरा ब्रेक लाइट कंपनीचाच, पण तोही एलईडी. स्कॅनरवर पी०५०४ हा कोड आला होता, म्हणूनच स्विच बदलला.

वायरमन_मिरज
मग झालं. पी०५०४ म्हणजे ब्रेकचे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच. स्विच खराब आहे असं तो कोड म्हणत नाही, पण गॅरेजमध्ये तो तसाच वाचला जातो.

पेडलच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला पाय नसताना तुटलेला असतो, पेडल दाबलं की जुळतो आणि ब्रेक लाइट पेटवतो. दुसरा बरोबर उलटा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोन्हींवर नजर ठेवतो. एक म्हणतोय ब्रेक लागलाय आणि दुसरा म्हणतोय नाही, असं दिसलं की तो क्रूझ देत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता बल्बकडे या. कंपनीचा बल्ब २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा: ५ वॅट टेलला, २१ वॅट ब्रेकला. २१ वॅटचं फिलामेंट थंड असताना त्याचा रोध एक ओहमच्याही खाली असतो. त्यामुळे ब्रेकच्या वायरवर कुठून थोडा व्होल्टेज आलाच तर तो तिथूनच अर्थिंगला जातो. स्वस्त एलईडीत टेल आणि ब्रेक या दोन टोकांमध्ये नीट अडसर नसतो. टेल लावला की थोडा करंट उलटा ब्रेकच्या वायरमध्ये शिरतो, आणि दोन्हीकडे एलईडी असल्यामुळे त्याला खाली ओढणारं काहीच उरत नाही. ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलाय.

तपासणी सोपी आहे. इग्निशन चालू, पार्किंग लाइट चालू, पेडल मोकळं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी पिन बॉडीच्या स्वच्छ बोल्टला, लाल पिन टेल लॅम्पच्या कपलरमधल्या (वायरी जोडणारा प्लग) ब्रेकच्या वायरला, मागच्या बाजूने. कपलर काढून मोजू नका, बल्ब जोडलेलाच हवा. जवळपास शून्य यायला हवं. काही व्होल्ट दिसले तर एकेक बल्ब काढत जा, कुठल्या बाजूला आकडा पडतो ते कळेल. काळ्या वायरचं अर्थिंगही बघून घ्या, कृष्णाकाठच्या दमट हवेत होल्डर हिरवे पडतात.

घाटवळण
बल्बच्या समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर टाकला तरी काम होतं की. इंडिकेटरला टाकतात तोच.

वायरमन_मिरज
होतं, पण साडेतेरा व्होल्टला तो तीस वॅट उष्णता टाकतो. ट्रॅफिकमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिलात की शेजारचं प्लास्टिक वितळतं. काही जण ब्रेकच्या वायरमध्ये एक अँपियरचा डायोड घालतात, म्हणजे करंट उलटा येत नाही. एलईडीला तो पुरतो, पण उद्या कुणी साधा बल्ब लावला तर पावणेदोन अँपियरने जळेल आणि त्या बाजूचा ब्रेक लाइटच जाईल. सरळ कंपनीचे २१/५ घाला. ते रिफ्लेक्टर फिलामेंटसाठीच बनवलेले आहेत. एलईडीने टेल आणि ब्रेकमधला फरक मागच्या गाडीला धड दिसतही नाही.

कराडकर_४८
मोजलं. दिवे बंद असताना शून्य, पार्किंग लावल्यावर ६.८ व्होल्ट. डावा एलईडी काढला की शून्य.

घाटवळण
सापडलं तर. दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचा नको.

हीच तक्रार कुणाला दिवसाही असेल तर पेडलच्या दांड्यावरचा छोटा रबरी किंवा प्लास्टिकचा गट्टू बघा. तो झिजून तुटतो, स्विचचा दांडा भोकातून आरपार जातो, ब्रेक लाइट पेटलेलेच राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली. तुकडे मॅटवर सापडतात. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट बदलल्यावर क्रूझ गेला असेल तर क्लच स्विच बघा. बऱ्याच गाड्यांत ते दोन असतात: पेडल पूर्ण दाबल्यावर लागणारा स्टार्टसाठी, आणि वरच्या बाजूचा क्रूझ सोडवण्यासाठी. गाडी स्टार्ट होते म्हणजे क्लच स्विच ठीक, हा हिशेब चुकीचा.

वायरमन_मिरज
बल्ब बदलल्यावर कोड पुसा. गाडी सुरू केल्यावर ब्रेक एकदा पूर्ण दाबून सोडा. काही ईसीयू तोवर क्रूझ देतच नाहीत आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. मग दिवे लावून सरळ रस्त्यावर, साधारण ४० च्या वर सेट करून बघा. चाचणीला खंबाटकी घाट घेऊ नका. साधा क्रूझ उतारावर फक्त इंधन कमी करतो, ब्रेक लावत नाही, त्यामुळे तिथे स्पीड सेटच्या वर जाणारच.