शंभर वर्षांत स्त्रियांची वेशभूषा बदलली, ती नेमकी कोणामुळे?

कुतूहल:
विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोप-अमेरिकेतील छायाचित्रांत कॉर्सेटने, म्हणजे कंबर घट्ट आवळणाऱ्या ताठ अंतर्वस्त्राने, आवळलेली कंबर आणि जमिनीला टेकणारा स्कर्ट दिसतो. शतकाच्या अखेरीस त्याच देशांतील स्त्रिया जीन्स आणि टी-शर्टमध्ये सहज वावरताना दिसतात. या बदलाचे श्रेय बहुतेक लेखांत पॅरिसच्या मोजक्या डिझायनरांना दिलेले असते. ते खरोखर त्यांचेच आहे का? शिवाय, हा सगळा प्रवास मोकळेपणाच्या दिशेनेच झाला, असे म्हणता येईल का?

उभा धागा:
डिझायनरांचा वाटा नाकारता येणार नाही, परंतु माझ्या मते तो दुय्यम आहे. पॉल प्वारे यांनी १९०६ च्या सुमारास कॉर्सेटविना घालता येणारे पोशाख केले खरे. मात्र त्यांच्याच नावाशी जोडला गेलेला, घोट्यापाशी अतिशय अरुंद असलेला स्कर्ट १९१० च्या आसपास लोकप्रिय झाला आणि तो घालून लांब पाऊल टाकणेही अशक्य होते. कंबर सुटली आणि पाय बांधले गेले! खरी उलथापालथ पहिल्या महायुद्धाने केली. स्त्रिया कारखान्यांत आणि ट्रामगाड्यांवर काम करू लागल्या आणि स्कर्ट घोट्याच्या वर सरकला. कोको शनेल यांनी जर्सी हे तोवर प्रामुख्याने पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जाणारे कापड स्त्रियांच्या पोशाखात आणले, त्यामागेही युद्धकाळातील इतर कापडांची टंचाई होतीच. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कर्ट गुडघ्यापर्यंत पोहोचला.

जुनी शिवण:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. १९३० च्या दशकात लांबी पुन्हा खाली आली. त्या काळात मादलेन व्हिओने यांच्या उरेब कापाच्या पोशाखांनी शिवणकामाची एक अप्रतिम उंची गाठली. कापड तिरके धरल्यामुळे ते आतील आधाराशिवाय अंगासरशी बसत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि साधे, कमी घेराचे, रुंद खांद्यांचे कपडे रूढ झाले. त्यानंतर फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिस्तियाँ दिओर यांनी आवळलेली कंबर आणि प्रचंड घेर परत आणला, तोही ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू असताना! काही ठिकाणी स्त्रियांनी त्याचा निषेध केला, तरी पुढील दशकभर तोच आकार टिकला. म्हणजे टंचाईने जे सुटसुटीत केले होते, ते सुबत्तेची चाहूल लागताच पुन्हा जड झाले.

अस्तर:
वरील चर्चेत आतल्या कपड्यांचा विचार राहून गेला आहे. मेरी क्वांट आणि आंद्रे कुरेझ या डिझायनरांपैकी मिनिस्कर्ट कोणाचा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कंबरेपर्यंतचे सलग नायलॉन टाइट्स १९५९ मध्ये बाजारात आले नसते, तर पट्ट्याला अडकवलेल्या मोज्यांवर एवढा आखूड स्कर्ट रोज घालणे कठीण होते. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्पॅन्डेक्सचा शोध लागला आणि ताणले जाणारे कापड हळूहळू अंतर्वस्त्रांतून बाहेरच्या कपड्यांत आले. मात्र कॉर्सेट गेल्यावर बारीक कमरेची अपेक्षा काही गेली नाही; तिचा भार आहार आणि व्यायामावर पडला. हे मोकळेपणाच्या हिशेबात धरायचे की नाही, हे आपणच ठरवावे.

कुतूहल:
सर्वांचे आभार. पँटचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. ती एवढ्या उशिरा का आली?

उभा धागा:
कामासाठी ती बरीच आधी आली. प्रतिष्ठेच्या ठिकाणी मात्र तिला अडवले गेले. दोन्ही महायुद्धांत कारखान्यांतील स्त्रिया ती घालत होत्या. इव्ह सँ लोराँ यांनी १९६६ मध्ये स्त्रियांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा समारंभी सूट, सादर केला, तरीही पुढे कित्येक वर्षे उंची उपाहारगृहे पँट घातलेल्या स्त्रियांना प्रवेश नाकारत असत. अमेरिकी सिनेटच्या सभागृहात महिला सदस्यांना पँट घालण्याची मोकळीक १९९३ मध्ये मिळाली. पॅरिसमध्ये तर पुरुषी पोशाखासाठी स्त्रियांनी पोलिसांची परवानगी घ्यावी, असा १८०० सालचा आदेश होता. तो निष्प्रभ असल्याचे सरकारने अधिकृतपणे सांगितले, ते २०१३ मध्ये.