मदत हवी आहे: चार ठिकाणी ‘तिरस्कार’, दुसरे शब्द सुचवा

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी आत्मकथनाचा अनुवाद करतेय. एका परिच्छेदात बाई सावत्र बापाबद्दल बोलताना डिस्पाइज, डिटेस्ट, ॲभॉर आणि लोद (loathe) हे चारही शब्द एका दमात वापरते. माझ्या खर्ड्यात चारही ठिकाणी ‘तिरस्कार’. संपादकबाईंनी समासात लिहिलंय, ‘हिला दुसरा शब्द येत नाही का?’

म्हणून व्युत्पत्ती बघायला बसले आणि दोन दिवस त्यातच गेले.

डिस्पाइज सरळ निघाला. लॅटिनमध्ये खाली बघणं, म्हणजे आपलं ‘तुच्छ लेखणं’. तो मिटला. डिटेस्टमध्ये साक्षीदार दडलाय. देवाला साक्षी ठेवून शाप देणं हा मूळ अर्थ, टेस्टामेंट (मृत्युपत्र) त्याच घरातला. पण आता लोक वांगंसुद्धा डिटेस्ट करतात, तिथे ‘तळतळाट’ आणला तर अती होईल ना?

ॲभॉर म्हणजे शहारून मागे सरणं. लॅटिन होरेरे म्हणजे केस ताठ उभे राहणं, हॉररही त्यातलाच. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘हृष्’शी जोडतात. म्हणजे गीतेत अर्जुन म्हणतो तो ‘रोमहर्ष’ याचा चुलतभाऊ! ‘त्याच्या नावानंच अंगावर काटा येतो’ असं केलंय, पण त्यात भीतीच जास्त दिसते. ‘घृणा’ घालावा म्हटलं, तर संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. म्हणून तर निर्दयपणे केलेला खून ‘निर्घृण’. (मराठीत चालेल, मलाच आता तो शब्द लिहिताना हसू येतं.)

खरी अडचण लोदची. हा अस्सल जुन्या इंग्रजीतला, मुळात वैराचा शब्द, पण आज त्यात मळमळ आहे. त्याच्या जवळचाच लोथ (loth) म्हणजे नुसतं नाखूष. आईला सोडून निघताना ती ‘लोथ’ असते, तिचा पाय निघत नसतो. मी तिथे तिला आईचीच किळस आणली होती! संपादकबाईंच्या नजरेतून ते सुटलं, नशीब.

तर वाक्य असं आहे: जेवताना तो सूप भुरकतो, तो आवाज आणि तो माणूस, दोन्ही ती ‘लोद’ करते. ‘किळस’ म्हटलं की झुरळ आठवतं. ‘तिटकारा’ दुधीभोपळ्याचाही असतो. ‘शिसारी’ मला आवडतो, पण विशीतल्या वाचकाला कळेल का? तुमच्या घरात, तुमच्या भागात अशा माणसाबद्दल काय म्हणतात? कोशातला नको, तोंडातला शब्द हवाय.

गुरुवारी मजकूर द्यायचाय.