मदत हवी आहे: दहावीच्या वर्गसमीकरणातील उणे मूळ कसे समजावावे?

नमस्कार. परभणी जिल्ह्यात सेलूजवळच्या आमच्या गावी माझी पुतणी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून दहावीला आहे आणि संध्याकाळी तिचे गणित मी घेतो. बीजगणित आणि भूमिती या दोन्ही भागांतील सूत्रे तिला तोंडपाठ आहेत. मात्र शाब्दिक उदाहरण समोर आले की कोणते सूत्र लावायचे येथेच ती अडते. सूत्र कोठून आले हे एकदा नीट उमगले की ते आपोआप वापरता येते, असे माझे मत आहे.

अंकगणिती श्रेढीत त्याचा प्रत्यय आला. बचत गटात पहिल्या महिन्यात २०० रुपये आणि पुढे दरमहा आधीच्यापेक्षा ५० रुपये जास्त भरले, तर बाराव्या महिन्याचा हप्ता किती, या उदाहरणात तिने २०० मध्ये ५० ची बारापट मिळवून ८०० हे उत्तर काढले. मग बारा महिने ओळीने लिहून वाढ किती वेळा झाली हे तिलाच मोजायला लावले. ती अकरा वेळाच भरली आणि उत्तर ७५० आले. वर्षभराच्या रकमेसाठी पहिला आणि बारावा हप्ता मिळून ९५०, दुसरा आणि अकरावा मिळूनही ९५०, अशा सहा जोड्या लावून तिने ५,७०० रुपये स्वतःच काढले. शंकूच्या घनफळातील एक तृतीयांशासाठी जाड कागदाचा शंकू आणि तेवढ्याच तळाची व उंचीची वृत्तचिती करून ज्वारी ओतून पाहिली. (ही पडताळणी झाली, सिद्धता नव्हे, पण या इयत्तेला ती पुरेशी वाटते.)

अडचण वर्गसमीकरणात आहे. 'क्ष चा वर्ग अधिक ६क्ष बरोबर १६' हे मी आकृतीने दाखवले: क्ष बाजूचा चौरस, त्याच्या लगतच्या दोन बाजूंना ३ रुंदीची एकेक पट्टी आणि कोपऱ्यात ९ चौरस एककांचा तुकडा. पूर्ण चौरसाचे क्षेत्रफळ २५, बाजू ५, म्हणून क्ष बरोबर २. पूर्ण वर्ग पद्धत तिला लगेच पटली. परंतु सूत्राने उणे ८ हेही मूळ येते, तेव्हा तिने विचारले, "काका, चौरसाची बाजू उणे कशी असेल?" उणे ५ चा वर्गही २५ असतो हे तिला मान्य आहे, पण आकृतीतून निघालेल्या रीतीत आकृतीत न मावणारे उत्तर कोठून आले, हे तिला कळत नाही. परिणामी शेताची रुंदी काढताना उणे मूळ सोडावे लागते, हे तिला बरोबर जमते. पण नुसते समीकरण सोडवतानाही ती ते गाळते आणि गुण जातात.

अशा वेळी आकृती तेथेच सोडून आलेखाकडे वळावे का, म्हणजे वक्र आडव्या अक्षाला दोन ठिकाणी छेदतो हे दिसेल? तसेच भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने दिलेली, पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने संपूर्ण समीकरणाला गुणण्याची रीत आधी शिकवली, तर अपूर्णांक टळून सूत्राची सिद्धता सोपी होते; ती दहावीच्या मुलांना झेपते का? दहावीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी वर्गात प्रत्यक्ष वापरलेले एखादे उदाहरण आकड्यांसह सांगितल्यास फार उपकार होतील.