मॉरिशसमधला मराठी माणूस सरकारी कागदावर नेमका कोण?

भटका_वाचक
मॉरिशसच्या निवडणुकांबद्दल वाचताना एक कोडं सुटत नाहीये. उमेदवाराला अर्जातच आपला 'समुदाय' जाहीर करावा लागतो, आणि त्या यादीत 'मराठी' नाही. पण तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात, जनगणनेत मराठी वेगळी मोजतात. मग हे लोक कुठल्या खान्यात जातात? आणि ते 'बेस्ट लूजर' प्रकरण (हरलेल्यांतून काही उमेदवारांना समुदाय बघून सभागृहात घेण्याची पद्धत) प्रत्यक्षात चालतं कसं? विकिपीडिया तीनदा वाचून झालं, गणित काही कळलं नाही.

शिरवळकर
खाने चारच आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन'. हे संविधानाच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शब्दरचना मोठी गमतीची आहे : ज्याची 'जीवनपद्धती' पाहता तो पहिल्या तिघांपैकी कुणातच बसत नाही, तो आपोआप चौथ्यात. म्हणजे चौथा समुदाय हा उरलेल्यांचा. गुलामांचे वंशज क्रिओल आणि ऊसमळ्यांचे गोरे फ्रेंच मालक, दोघेही त्याच एका खान्यात! मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्यांची नातवंडं सगळी 'हिंदू'. पण ख्रिस्ती झालेल्या तमिळ घरातला माणूस बहुधा चौथ्यात जातो. म्हणजे निकष धड वंश नाही, धड धर्म नाही, आणि भाषा तर नाहीच.

आता गणित. एकूण २१ मतदारसंघ. मुख्य बेटावरच्या २० मधून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन, असे ६२ सदस्य थेट निवडून येतात. (मतदाराला तिन्ही मतं द्यावीच लागतात, दोनच दिली तर मतपत्रिका बाद.) त्यानंतर निवडणूक आयोग हरलेल्या उमेदवारांमधून जास्तीत जास्त आठ जणांना आत घेतो. कोणाला, ते असं ठरतं : समुदायाची १९७२ च्या जनगणनेतली लोकसंख्या भागिले (त्या समुदायाचे सभागृहातले सदस्य अधिक एक). ज्याचा भागाकार सर्वात मोठा, पुढची जागा त्याची. एक जागा दिली की आकडा बदलतो, मग पुन्हा भागाकार.

१९७२ चे आकडे साधारण असे : हिंदू ४ लाख २८ हजार, जनरल २ लाख ६१ हजार, मुस्लिम १ लाख ३७ हजार, चिनी २४ हजार. समजा निवडून आले हिंदू ३६, जनरल १८, मुस्लिम ७, चिनी १ (हे माझं काल्पनिक उदाहरण). भागाकार येतात : हिंदू सुमारे ११,६००, जनरल १३,८००, मुस्लिम १७,१००, चिनी १२,०००. पहिली जागा मुस्लिमांना. मग त्यांचा भागाकार १५,२०० वर येतो, तरी दुसरीही त्यांचीच. तिसऱ्या वेळी तो १३,७०० च्या आसपास उतरतो आणि जनरल निसटत्या फरकाने पुढे जातं. चौथी पुन्हा मुस्लिमांना.

या पहिल्या चार जागा पक्ष न बघता देतात. समुदाय ठरला की त्यातला जो हरलेला उमेदवार आपल्या मतदारसंघात टक्केवारीने सर्वात पुढे, तो आत. पुढच्या चारचा हेतू वेगळा : पहिल्या चारमुळे जिंकलेल्या पक्षाचं बहुमत घटलं तर ते भरून काढायचं. म्हणून १९८२, १९९५ किंवा २०२४ सारखा मुख्य बेटावर ६०-० निकाल लागला की पंचाईत होते. जिंकलेल्या पक्षाचा हरलेला उमेदवारच नसतो, आणि आठपैकी काही जागा रिकाम्याच राहतात.

मराठी उमेदवाराला फायदा? जवळजवळ शून्य. हिंदू निवडून येतातच भरपूर, त्यामुळे त्यांचा भागाकार सहसा तळाशी राहतो.

माडाची_सावली
वरचं गणित बरोबर आहे, पण 'हिंदू' या खान्यावर थांबलात तर तिथलं राजकारण कळणार नाही. तिकीटवाटपात आणि मंत्रिमंडळात तमिळ, तेलुगू, मराठी हे वेगवेगळेच धरतात, आणि बिहारी वंशाच्या हिंदूंमध्येही जातीनुसार हिशोब चालतो. कायद्याच्या कागदावर हिंदू, पक्षाच्या यादीत मराठी. जनगणनेत तर अजून गंमत : पूर्वजांच्या भाषेच्या प्रश्नाला 'मराठी' हे उत्तर येतंच, पण धर्माच्या प्रश्नालाही लोक 'मराठी' असं लिहितात. आपल्याकडे मराठी हा धर्म म्हणून कुणी लिहिलं तर प्रगणक चष्मा काढून बघेल.

घरात मात्र बोलतात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा). मराठी टिकली आहे ती पूजेत, भजनात, झाकरीत (आपल्या कोकणातली जाखडीच ती) आणि शाळेच्या वर्गात. प्राथमिक शाळेत मूल एक 'पूर्वजांची भाषा' निवडतं. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू वगैरे. २०१२ पासून त्यात क्रिओलही आली, आणि इथे खरी मेख आहे. क्रिओल सगळ्यांचीच घरची भाषा. पण निवडीच्या रकान्यात ती आफ्रिकी वंशाच्या लोकांची 'पूर्वजांची भाषा' म्हणून वाचली जाते. मराठी घरातल्या मुलाने क्रिओल घेतली तर त्याच्या मराठी वर्गाची पटसंख्या एकाने घटते, आणि शिक्षकाची जागा पटसंख्येवर अवलंबून. त्यामुळे संघटना पालकांच्या मागे लागतात. मला त्यात वावगं वाटत नाही, पण याला 'भाषाप्रेम' एवढंच नाव देणं भाबडेपणा आहे.

भटका_वाचक
दोघांचेही आभार. पण १९७२ च का? मधल्या जनगणना कुठे गेल्या? आणि एखाद्याने समुदाय जाहीर करायला नकार दिला तर?

शिरवळकर
१९७२ नंतर जनगणनेत समुदायाचा प्रश्नच विचारलेला नाही. १९८२ मध्ये नव्या सरकारने तो काढून टाकला, आणि पुढच्या वर्षी संविधानात दुरुस्ती करून बेस्ट लूजरसाठी १९७२ चेच आकडे कायम धरले. हेतू चांगला होता : माणसं मोजताना वाटणी करू नये. पण वाटणीची पद्धत तशीच ठेवून फक्त मोजणी थांबवली. आजचा मतदार पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी भागला जातो.

नकार दिला तर अर्ज बाद. 'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव' या डाव्या पक्षाच्या उमेदवारांचे अर्ज असेच फेटाळले गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. समितीने २०१२ मध्ये त्यांच्या बाजूने मत दिलं. मुद्दा नीट बघा : समुदायनिहाय आरक्षणच चूक असं समिती म्हणाली नाही. अद्ययावत आकडे नसताना जबरदस्तीने समुदाय जाहीर करायला लावणं मनमानी आहे, असं म्हणाली. २०१४ च्या निवडणुकीपुरती घोषणा ऐच्छिक केली. न करणाऱ्याला बेस्ट लूजरची जागा मात्र मिळणार नव्हती. पुढच्या खेपेला पुन्हा सक्ती. पद्धत बदलण्याचं विधेयक २०१८ मध्ये आलं, पण संविधान दुरुस्तीला लागणारं तीन चतुर्थांश बहुमत जमेना.

पोफळी
पद्धत रद्द करा म्हणणं सोपं आहे. तीन सदस्यांच्या मतदारसंघात तिन्ही जागा एकच आघाडी घेऊन जाते, तेव्हा अल्पसंख्याकांना आत येण्याचा हा एक दरवाजा उरतो. तो बंद करायचा तर आधी प्रमाणशीर मतदान (मतांच्या प्रमाणात जागा) आणा. नुसतं 'आम्ही सगळे मॉरिशियन' म्हणून काम होत नाही.

थोडं अवांतर, पण इथे कुणाचे नातलग असतील तर उपयोगी पडेल. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) एरवी पणतवंडांपर्यंत मिळतं. मॉरिशससाठी सातव्या पिढीपर्यंत सवलत देण्याची घोषणा राष्ट्रपती मुर्मू यांनी मार्च २०२४ मध्ये तिथे जाऊन केली. अडतं ते पुराव्यावर. आपल्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जात मूळ गिरमिटियाचा (करारावर गेलेल्या मजुराचा) स्थलांतर क्रमांक शोधायचा. नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यात नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज असं सापडतं. नावावरून शोधू नका, क्रमांकावरूनच शोधा. कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिलं आहे, त्यामुळे एकाच घराण्याचं आडनाव तीन दाखल्यांवर तीन प्रकारे असतं, आणि अर्ज परत येतो तो बहुतेक याच विसंगतीमुळे. नावांतल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडून ठेवा.