प्रतिसाद: जोडीदार अलर्ट विसरला तर
ब्रिजमध्ये जोडीदार अलर्ट (आपल्या खास अर्थाच्या बोलीबद्दल प्रतिस्पर्ध्यांना द्यायची सूचना) द्यायला विसरल्यास आपणच लगेच सांगावे, हे या चर्चेत मांडलेले मत नियमाला धरून नाही. मागे सांगलीत खेळताना जोडीदाराच्या एक नोट्रम्पवर (हुकुमाशिवाय खेळण्याची बोली) मी दोन चौकट बोललो, म्हणजे बदामचे ट्रान्सफर (माझ्याकडे बदामची पाने जास्त आहेत, तू दोन बदाम म्हण, असा ठरलेला संकेत). त्याने अलर्ट कार्ड न दाखवता दोन बदाम म्हटले, आणि तो ठरलेली पद्धत विसरला असावा हे जाणवूनही मला ती बोली ट्रान्सफर पूर्ण केल्यासारखीच धरून पुढे बोलावे लागले. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचे नसते (हातातली कपबशी मात्र वाजलीच). आपली बाजू डिक्लेअररची (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याची) ठरल्यास बोली संपवणाऱ्या शेवटच्या पासनंतर, पहिले पान पडण्यापूर्वी, डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून खुलासा करावा. बचावात असल्यास डाव संपेपर्यंत थांबावे, कारण आधी बोललो तर जोडीदारच सावध होतो.