वायफाय कनेक्टेड आहे, पण लॅपटॉपवर काहीच उघडत नाही

बी-३०२ (सायं. ५:४०): नमस्कार मंडळी. लॅपटॉपचं कोणाला समजतं का? मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे आणि दुपारपासून लॅपटॉपवर एकही वेबसाइट उघडत नाहीये. वायफाय कनेक्टेड दाखवतो, कांड्या पूर्ण आहेत. मोबाइलवर सगळं चालू आहे. मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन करून लॅपटॉपमध्येच ठेवलंय. फार टेन्शन आलंय.

ए-४०१: राउटर बंद करून चालू केला का वहिनी?

बी-३०२: तीनदा केला.

सी-१०१: काल दुपारी लाइट गेली होती ना, त्यानंच झालं असेल. राउटरच्या मागे बारीक छिद्र असते, त्यात पिन दाबून धरा दहा सेकंद. माझ्या भाच्यानं तसंच केलं होतं.

ए-२०४: काकाजी, थांबा जी. वहिनी, पिन अजिबात लावू नका! बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. पिन लावली की राउटरमध्ये भरलेलं यूजरनेम-पासवर्ड पुसलं जातं. मग केबलवाल्या दादांना बोलवावं लागेल, आणि रविवारी संध्याकाळी ते यायचे नाहीत. आता मोबाइलवर चालू असलेलं वायफायही बंद पडेल.

बी-३०२: बरं झालं सांगितलं, मी पिन शोधतच होते.

ए-२०४: एक विचारते. मोबाइलचा डेटा बंद करून, फक्त वायफायवर वेबसाइट उघडून पाहिली का? पुष्कळदा वायफाय मेलेलं असतं आणि मोबाइल गुपचूप सिमवरून चालत असतो. आपल्याला वाटतं, वायफाय ठीक आहे.

बी-३०२: आता केलं. डेटा बंद, वायफाय चालू. उघडतेय.

ए-२०४: छान. म्हणजे बाहेरून घरापर्यंत नेट येतंय. आता उलटं करा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा.

बी-३०२ (५:५८): जोडला. तरी नाही उघडत.

ए-२०४: मग राउटरला आता हात लावायचा नाही. दोन वेगवेगळ्या नेटवर जर तेच होतंय, तर दोष लॅपटॉपच्या आत आहे. अर्धं काम झालं वहिनी.

डी-५०३: सीताबर्डीच्या बाजारात घेऊन जा उद्या सकाळी. फॉरमॅट मारून देतात तासाभरात.

ए-२०४: दादा, कृपा करून हे नका सुचवू. मी मनापासून सांगतेय. माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपची हीच तक्रार होती, वायफाय आहे पण साइट उघडत नाहीत. एका दुकानात दिला, त्यांनी काही न बघता फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं. सासूबाई गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीचे फोटो त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. बाबा आजही कधीकधी तो लॅपटॉप उघडून रिकामं फोल्डर बघत बसतात. आणि दोष काय निघाला असता? फार तर एक सेटिंग. लॅपटॉप वायफायला जोडला जातोय म्हणजे त्याचं वायफायचं कार्ड जिवंत आहे. त्याच्या पुढे कुठे अडतंय ते शोधायला दहा मिनिटं लागतात. फॉरमॅट हा या तक्रारीवरचा पहिला उपाय नाहीच.

डी-५०३: सॉरी ताई. हे माहीत नव्हतं.

ए-२०४: तुमची चूक नाही दादा. सगळे हेच सांगतात, म्हणून जीव तुटतो.

ए-२०४: वहिनी, स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. त्यात पिंग, एक स्पेस, ८.८.८.८ लिहा आणि एंटर मारा. पिंग म्हणजे समोरून उत्तर येतं का ते हाक मारून बघणं. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे, पाठ करायला सोपा म्हणून तोच वापरतात.

बी-३०२: चार ओळी आल्या. रिप्लाय फ्रॉम असं लिहिलंय.

ए-२०४: वा! म्हणजे लॅपटॉप बाहेरच्या जगाशी बोलतोय. आता तसंच पिंग गूगल डॉट कॉम.

ए-१०५: मागच्या महिन्यात माझं इथेच अडलं होतं. आकड्यांना उत्तर यायचं, नावाला नाही. ताईंनीच डीएनएस बदलून १.१.१.१ टाकायला सांगितलं आणि लगेच सुरू झालं.

ए-२०४: हो, तुमचं तेच होतं. डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगतो, आपल्या गेटवरचे दादा समजा. पार्सलवाल्याला नाव माहीत असतं, फ्लॅट नंबर माहीत नसतो, तो दादांना विचारतो. दादा जाग्यावर नसले की पार्सलवाला गेटवरच उभा. इमारत तिथेच आहे, लिफ्टही चालू आहे, पण जायचं कुठे ते कळत नाही. १.१.१.१ टाकणं म्हणजे दुसऱ्या दादांना विचारणं.

बी-३०२: नावालाही चार ओळी आल्या. रिप्लाय आलाय.

ए-२०४: मग डीएनएसही ठीक आहे. नाव सापडतंय, रस्ता चालू आहे, आणि तरी फक्त ब्राउझर अडतोय. ब्राउझरमध्ये काय लिहून येतं, त्याचा फोटो टाका ना.

बी-३०२: (फोटो)

ए-२०४: वहिनी, कूलरच्या वाऱ्यानं हात हललाय बहुतेक 🙏 मोठी अक्षरं दिसतात, नो इंटरनेट. त्याच्या खाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ आहे, ती वाचून जशीच्या तशी टाइप करा. खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते.

बी-३०२ (६:२१): ईआरआर, मग प्रॉक्सी, कनेक्शन, फेल्ड.

ए-२०४: सापडलं!! प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यामधला मध्यस्थ. स्टार्टमध्ये प्रॉक्सी टाइप करा. जी सेटिंग उघडेल त्यात खाली मॅन्युअल प्रॉक्सी असेल. तिथे यूज अ प्रॉक्सी सर्व्हर चालू आहे का बंद?

बी-३०२: चालू आहे. पत्त्यात १२७.०.०.१ आहे, पुढे पोर्टचा काहीतरी आकडा.

ए-२०४: बंद करा आणि सेव्ह करा. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

बी-३०२ (६:२६): उघडलं!!! फॉर्मचं पान समोर आलंय. मुलगी अक्षरशः उडी मारून लॅपटॉपसमोर बसली. तुमचे किती आभार मानू!

ए-४०१: पण हे आपोआप चालू कसं झालं?

बी-३०२: मुलगा म्हणतोय, मागच्या आठवड्यात गेमसाठी कुठलंतरी फुकटचं व्हीपीएन टाकलं होतं. आज दुपारी जेवण झाल्यावर काढून टाकलं.

ए-२०४: तेच कारण. १२७.०.०.१ म्हणजे लॅपटॉप स्वतः. त्या प्रोग्रामने लॅपटॉपला सांगून ठेवलं होतं, की जे काही बाहेर पाठवायचं ते आधी माझ्याकडे दे. मग तो प्रोग्राम गेला, पण सूचना तशीच राहिली. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दारात रोज सामान नेऊन ठेवल्यासारखं. पिंग त्या दारात जात नाही, थेट जातो, म्हणून उत्तर येत होतं.

त्याला रागावू नका, पण एवढं सांगा की फुकटचं व्हीपीएन पुन्हा घालायचं नाही. त्यातून सगळं त्यांच्या हातून जातं, तुमचे पासवर्डसुद्धा. फॉर्म झाला की विंडोज सिक्युरिटीमध्ये फुल स्कॅन लावून ठेवा. आणि उद्या ते बटण आपोआप पुन्हा चालू झालेलं दिसलं तर मला लगेच सांगा, म्हणजे आत अजून काहीतरी बसलंय.

ए-४०१: माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही प्रॉक्सी चालू दिसतोय. बंद करू?

ए-२०४: नाही! ऑफिसचा असेल तर तो कंपनीनं मुद्दाम लावलेला असतो. आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

सी-१०१: ताई, माझ्या जुन्या लॅपटॉपवर बी तसंच होऊन राहिलं जी. दोन वर्षं कपाटात होता, काल नातवासाठी काढला. वायफाय लागते, पण जी वेबसाइट उघडतो तिथं लाल त्रिकोण येऊन राहिला. कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणते. मीही तेच प्रॉक्सी पाहिलं, बंदच आहे.

ए-२०४: काकाजी, कोपऱ्यातली तारीख बघा बरं.

सी-१०१: अरे बापा! १ जानेवारी २०१५.

ए-२०४: हेच ते. प्रत्येक वेबसाइटकडे ओळखीचं एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. तुमचा लॅपटॉप २०१५ मध्ये बसलाय, त्याला आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच न झालेलं वाटतं. म्हणून तो दार उघडत नाही, आणि बरोबरच करतो. तारीख आणि वेळ नीट लावा, टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी एक ओळ आहे ती निवडा.

सी-१०१ (७:०५): लावली. वेबसाइट उघडल्या. पण बंद करून चार्जर काढला आणि पुन्हा लावला, तर परत २०१५!

ए-२०४: मग आतला छोटा सेल संपलाय. पुष्कळ लॅपटॉपमध्ये २०३२ नंबरचा असतो, नाण्याएवढा, ३ व्होल्टचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. काहींमध्ये त्याला वायर असते, म्हणून नवा घेण्याआधी जुना उघडून बघावा लागतो. काढताना दुकानदाराला एकच गोष्ट ठासून सांगा, फक्त सेल बदला, फॉरमॅट नको. आणि सेल बदलेपर्यंत त्या लाल पानावर पुढे जा असं बटण दिसलं तरी दाबू नका, बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही. रोज तारीख लावून काम चालवा.

सी-१०१: उद्या सकाळी नऊच्या आत जाऊन येतो, नंतर बाहेर पाय ठेववत नाही. नवतपा सुरू आहे, ऊन लई आहे.

डी-५०३: काकाजी, मी सकाळी त्याच बाजूला जातो, गाडीवर सोबत चला. पाण्याची बाटली तेवढी घ्या.

बी-३०२ (८:४०): फॉर्म भरला, पावतीची पीडीएफ आली. आणि ताई, मुलगा पेनड्राइव्ह घेऊन बसलाय, सगळे फोटो त्याच्यात कॉपी करतोय. तुमच्या बाबांचं वाचून त्यानं स्वतःहून सुरू केलं.

ए-२०४: त्याला सांगा, दोन पेनड्राइव्हवर कर. एक माझ्याकडे रिकामा आहे, आत्ता खाली आणून देते.