कुलाबा किल्ला, भरती आणि आई : मदत हवी आहे

अलिबागकरांना विचारायचंय. लहानपणी आम्ही सगळे ओहोटीत चालत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर गेलो, गणपतीचं दर्शन, डबे यात वेळ गेला आणि परतताना अर्ध्या वाटेत भरती लागली, धाकटा भाऊ बाबांच्या खांद्यावर, आईच्या कमरेपर्यंत पाणी, पायाखालची वाळू सरकतेय, शेवटी मागे फिरून रात्रीच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच बसलो. तेव्हापासून आई समुद्रात पाऊल टाकत नाही, पण आता तिलाच त्या गणपतीला जायचंय. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला साधारण सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, वेळ सोयीची आहे, पण भांगाचं (अष्टमीच्या सुमाराच्या कमी जोराच्या भरती-ओहोटीचं) पाणी पुरेसं ओसरतं का? तिचे गुडघे दुखतात, टांगा बरा की बोट? आणि परत कधीपर्यंत निघायलाच हवं? प्लीज सांगा.